बियांनाही हवा मे महिना

रात्री अकराला रील्स बघताना हा फोटो तुमच्याही समोर आलेला असणार. करड्या दगडाला एक बारीकशी फट, फटीतून डोकावणारी मूठभर पानं आणि त्यावर निळ्या-जांभळ्या घंटांचा गच्च गुच्छ. मागे बर्फाचे डोंगर, खाली कॅप्शन ‘अल्पाइन बेलफ्लॉवर’. मग आपण लगेच शोधतो. बी ऑनलाइन दिसतं, पाकिटावर तसाच फोटो असतो, आणि मनात येतं की चिंचवडच्या आपल्या बाल्कनीत चार दगड रचले आणि ही घंटांची बाग फुलली तर कसलं भारी!

प्रयोग म्हणून हे जमण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. का नाही, हे नीट समजून घेतलं तर तुम्ही एका दुसऱ्याच बागेपाशी पोहोचता. ती बाग निगडीपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तिला कुणी पाणी घालत नाही, आणि सध्या ती ऐन फुलावर आहे.

आधी ही घंटा काय आहे ते बघू

बेलफ्लॉवरचं शास्त्रीय नाव कॅम्पॅन्युला. लॅटिनमध्ये ‘कॅम्पाना’ म्हणजे घंटा, त्यावरून हे नाव पडलं. उत्तर गोलार्धात हिच्या ४०० हून जास्त जाती आहेत. पुरुषभर उंच होणाऱ्या आहेत, तशा बोटभर उंचीच्याही. रॉक गार्डनवाल्यांचा जीव असतो तो या बुटक्या, डोंगरी जातींवर. कार्पेथियन पर्वतातली कॅम्पॅन्युला कार्पाटिका ही त्यातली सगळ्यात सोपी, नवशिक्यांची. आल्प्समधल्या दगडगोट्यांत पसरणारी कॅम्पॅन्युला कॉक्लियारीफोलिया तर इतकी छोटी की तिची घंटा करंगळीच्या टोकावर टोपीसारखी बसेल.

‘रॉक गार्डन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चंदीगड येतं. नेकचंद यांनी १९५७ पासून गुपचूप उभी केलेली आणि १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलेली, फुटक्या बांगड्या-कपबश्यांच्या बाहुल्यांची ती अफलातून बाग. पण बागकामाच्या भाषेत रॉक गार्डन म्हणजे वेगळी गोष्ट. जी झाडं निसर्गात खडकावर, फटीत, मूठभर मातीत जगतात, त्यांच्यासाठी दगड रचून केलेली जागा. इंग्लंडमध्ये हे वेड घरोघरी नेलं ते रेजिनाल्ड फॅरर या माणसाने. १८८० ला जन्मला, चाळिशीत म्यानमारच्या डोंगरात झाडं गोळा करता करता गेला. मधल्या काळात त्याने रॉक गार्डनवर जाडजूड पुस्तकं लिहिली. दगड नुसते उभे खोचून ठेवणाऱ्यांची त्याने बदाम टोचलेल्या पुडिंगशी तुलना करून यथेच्छ टर उडवली होती. त्याचं म्हणणं साधं होतं: दगड आधी डोंगरात कसा बसतो ते बघा, मग बागेत बसवा. ही शिकवण आपल्याला पुढे लागणार आहे.

फ्रिजमधली थंडी

बेलफ्लॉवरचं बी म्हणजे अक्षरशः तपकीर. शिंकलात तर गेलं! त्यामुळे ते पेरण्याची पद्धतही ठरलेली. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळायचं, म्हणजे सगळं एकाच ठिकाणी सांडत नाही. ओलसर, निचऱ्याच्या मिश्रणावर ते नुसतं भुरभुरायचं, वरून माती टाकायची नाही, कारण इतक्या बारीक बियांना उजेड लागतो आणि त्यांच्यात माती फोडून वर येण्याची ताकद नसते. पाणी झारीने घालायचं नाही. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवायची, ती खालून पाणी पिते.

आता गंमत पुढे आहे. उंच पर्वतातल्या बऱ्याच जातींचं बी एवढं सगळं करूनही उगवत नाही. ते ओल्या मातीत ढिम्म बसून राहतं. त्याला आधी हिवाळा लागतो. म्हणून तिकडचे लोक कुंड्या डिसेंबरात उघड्यावर ठेवतात, किंवा पेरलेलं बी ओलसर अवस्थेत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४-५ अंश तापमानात, सहा ते आठ आठवडे ठेवतात. आपल्याकडे आईला हे पटवून देणं ही वेगळी परीक्षा.

पण बी असं अडून का बसतं? विचार करा, आल्प्समध्ये बी गळतं ते सप्टेंबरच्या आसपास. तेव्हा माती ओली असते, थोडी ऊबही असते. म्हणजे उगवायला सगळं ठीकच. पण उगवलं तर पुढच्या महिन्यात कोवळा अंकुर बर्फाखाली खलास. ज्या बियांनी घाई केली, त्यांचा वंश तिथेच संपला. ज्यांनी आधी थंडी अंगावर घेतली आणि मगच डोळे उघडले, त्यांची पोरं आज त्या फोटोत आहेत. शेतीच्या पुस्तकात याला बियांची ‘सुप्तावस्था’ म्हणतात.

मग पिंपरीत काय होईल?

कार्पाटिकासारख्या सोप्या जातीला थंडीचा एवढा आग्रह नसतो. १८ ते २१ अंशांत ती दोन-तीन आठवड्यांत उगवते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी, उकाडा ओसरल्यावर पेरली तर हिवाळ्यापुरती रोपं हाती लागू शकतात. अडचण त्यानंतर. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशीला टेकतो. त्यातून वाचलं तरी जुलैचा दमटपणा येतो. डोंगरातल्या गार, खेळत्या हवेच्या झाडाला ‘मुळं गरम आणि ओली’ याच्याइतकं वाईट काही नाही. ते कुजतं. म्हणजे आल्प्सचं झाड इथे पाहुणं म्हणून येईल, घर करून राहणार नाही.

आणि एक सावधगिरी. परदेशी साइटवरून थेट बी मागवणं म्हणजे मोबाइलचं कव्हर मागवणं नव्हे. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार बाहेरून बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटातून नवा रोग किंवा नवं तण येऊ नये म्हणून हा नियम आहे. गाजर गवत म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. ते भारतात पसरल्याची सुरुवातीची नोंद १९५५-५६ च्या सुमाराची आणि आपल्या पुण्यातलीच. आज रेल्वे रुळांपासून एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत कुठे ते नाही?

उलटं घड्याळ

आता आल्प्सवरून आपल्याकडे या. घोरावडेश्वर, भंडारा, चाकणजवळचा भामचंद्र. तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर म्हणून आपण यांना ओळखतो. पायाखालचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळा बसाल्ट. या डोंगरांच्या माथ्यावर जा. कातळ, त्यावर कुठे दोन बोटं माती तर कुठे तीही नाही. जून ते सप्टेंबर चिंब पाणी, आणि फेब्रुवारीनंतर तव्यासारखा तापलेला दगड. वर्षातले चार महिने दलदल, चार महिने वाळवंट.

इथलं बी गळतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा फटींमध्ये थोडी ओल असते. दिवाळीत एखादी अवकाळी सरही येते. त्या सरीला भुलून बी उगवलं तर डिसेंबरात ओल संपते आणि रोप फूल येण्याआधीच वाळतं. म्हणून आपल्या कातळावरच्या अनेक वर्षायू वनस्पतींचं बी आल्प्सच्या बियांसारखंच अडून बसतं, फक्त उलट्या कारणासाठी. त्याला थंडी नको असते. कोरडा, कडक उन्हाळा अंगावरून गेला की त्याची सुप्तावस्था हळूहळू सुटते, आणि मग मृगाचा पाऊस पडला की दोन आठवड्यांत कातळ हिरवा होतो. तिकडे जे काम जानेवारीचा बर्फ करतो, ते इकडे मे महिना करतो.

हे तुमच्या घरातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. खेड-मावळात आजोबा असतील तर भुईमुगाबद्दल विचारा. उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते, त्यामुळे काढणीच्या वेळी पावसाने गाठलं तर शेंगेतल्या शेंगेत कोंब येतात आणि माल जातो. पसऱ्या जातींचा दाणा मात्र थांबतो. तीच गोष्ट, फक्त डोंगरावर ती करोडो वर्षांच्या पावसाने शिकवलेली आहे.

ज्याला आपण ‘पडीक’ म्हणतो

कातळाच्या सपाट माथ्याला मराठीत ‘सडा’ म्हणतात. सगळ्यात प्रसिद्ध सडा साताऱ्याजवळचा कास, सुमारे १२०० मीटर उंचीवर, जांभ्या दगडाचा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं त्यात कास आहे. तिथला गुलाबी गालिचा तेरड्याच्या भावंडांचा, पिवळा सोनकीचा आणि कवल्याचा, आणि ओल्या जागेवरची निळी-जांभळी झाक ‘सीतेची आसवं’ या चिमुकल्या फुलाची.

आणि हो, बेलफ्लॉवरचं चुलतभावंडसुद्धा सह्याद्रीत आहे बरं का. पावसाळा संपल्यावर घाटमाथ्याच्या उतारावर माणसापेक्षा उंच, पांढऱ्या फुलांचे तुरे उभे दिसतात ती ढवळ, म्हणजे रानतंबाखू. शास्त्रात ती लोबेलिया. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या मांडणीत तिचं कुळ कॅम्पॅन्युलाचंच. बीही तसंच धुळीसारखं. फक्त ही विषारी आहे, तेव्हा लांबूनच नमस्कार!

पण कासला जायला दिवस मोडतो, रांग असते, तिकीट असतं. आपल्या पट्ट्याजवळ काय आहे? २०२४ ची बातमी तुमच्या वाचनात आली नसेल तर आता वाचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले डॉ. मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळेगाव दाभाडेच्या गवताळ माळांवरून विज्ञानाला अजिबात माहीत नसलेली एक वनस्पती नोंदवली. तिचं नाव डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘क्यू बुलेटिन’मध्ये तिचं वर्णन छापून आलं. ती वर्षातून दोनदा फुलते. पहिल्यांदा पावसाळ्यानंतर, साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, माळावरून वणवा गेल्यानंतर. वरचं सगळं जळतं, जमिनीखालचं लाकडासारखं मूळ जिवंत राहतं आणि त्यातून बुटके, फुलांनी भरलेले कोंब येतात. फुलांचे तुरे या गटातल्या भारतीय झाडांपेक्षा वेगळेच, जवळचे नातेवाईक आफ्रिकेत. (याचा अर्थ डोंगराला काडी लावा असा मुळीच नाही. वारंवार लागणाऱ्या वणव्यात पक्ष्यांची घरटी, सरडे, इतर झाडांचं बी सगळं जातं.)

तळेगाव! जिथून तुम्ही चाकणकडे जाताना कंटेनरच्या रांगेत अडकता, ते तळेगाव. ज्या माळाकडे बघून आपण ‘इथे काहीच नाही, नुसतं गवत’ म्हणतो, तिथे २०२४ पर्यंत जगाला माहीत नसलेलं फूल दर वर्षी फुलत होतं. खडकाळ आणि गवताळ जमिनी सरकारी नकाशांत बऱ्याचदा ‘पडीक’ या गटात जातात. पडीक म्हटलं की ती सपाट करायला कुणाचं मन कचरत नाही. शेड उभी राहते, प्लॉटिंग होतं, नाहीतर चांगल्या हेतूने खड्डे खणून झाडं लावली जातात. मग सावलीत न जगणारी ही छोटी मंडळी मुकाट्याने नाहीशी होतात.

हे थांबवणं एकट्या कॉलेजच्या पोरापोरींच्या हातात नाही, मान्य. पण ज्याने एक बी ऑक्टोबरात पाकिटात भरून जूनपर्यंत सांभाळलंय, तो माळाकडे ‘पडीक’ म्हणून बघू शकत नाही. म्हणून हा खटाटोप.

बाल्कनीतला सडा

*पेटी.* फळवाल्याकडे किंवा मासळी बाजारात थर्माकोलची रिकामी खोकी मिळतात. वजन कमी, आठव्या मजल्याच्या बाल्कनीला ते बरं. १५ सेंटिमीटर खोली पुरे. तळाला स्क्रूड्रायव्हरने आठ-दहा भोकं पाडा आणि त्यावर कुंडीची खापरं ठेवा. फुटकं घमेलं असेल तर तेही चालेल. गावी गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण पडून असेल तर तुम्ही नशीबवान. इंग्लंडमधल्या रॉक गार्डनवाल्यांनीही गुरांच्या अशाच जुन्या दगडी डोणींमध्ये बागा केल्या.

*मिश्रण.* दोन भाग बारीक खडी किंवा धुतलेली क्रश सँड, एक भाग लाल माती, अर्धा भाग जुनं कंपोस्ट. क्रश सँड धुवायचीच, नाहीतर तिची भुकटी सिमेंटसारखी बसते. शेणखताचा मोह टाळा. जास्त खाल्लं की ही झाडं नुसती पानांनी माजतात.

*दगड.* मोशीच्या खाणींतला काळा दगड पिंपरी-चिंचवडच्या किती इमारतींखाली असेल! बांधकाम साहित्याच्या दुकानातून चार-पाच ओबडधोबड तुकडे आणा. डोंगरावरून उचलू नका, त्या दगडाखाली कुणाचं तरी घर असतं. आता फॅररचा धडा. दगडाचा तिसरा हिस्सा मिश्रणात गाडा, आणि सगळ्यांचा उतार एकाच दिशेला ठेवा. मग ते ठेवल्यासारखे न दिसता उगवल्यासारखे दिसतात. दोन दगडांत बोटभर फट राहू द्या. खरी बाग त्या फटीत होणार आहे.

*जागा.* रोज किमान पाच-सहा तास ऊन. पावसाळ्यात पेटीवर थेट पाऊस पडला तर उत्तम. निचरा चांगला असल्यावर भ्यायचं कारण नाही.

काय पेरायचं?

*चिनी गुलाब, ऊर्फ ऑफिस टाइम.* हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण हात बसवायला बेस्ट. बी बेलफ्लॉवरसारखंच बारीक, त्याला उजेड लागतो, आणि खडीत, उन्हात झाड खूश असतं. वाळूत मिसळून भुरभुरणं, परातीतून पाणी पाजणं, रोपं दाट झाल्यावर चिमटीने विरळ करणं, हे सगळं याच्यावर शिका. रोपं अचानक बुडातून कोलमडायला लागली तर ती ‘मर’. कारण नेहमी एकच, पाणी जास्त आणि हवा कमी.

*तेरडा.* गौरी नुकत्याच होऊन गेल्या. कित्येक घरांत तेरड्याच्याच गौरी बसतात आणि बाजारात मुळासकट जुड्या येतात. त्याच्या शेंगा बघा. भरलेली शेंग बोटाने नुसती स्पर्शली तरी तटकन फुटते, साल गुंडाळते आणि बी उडतं. शास्त्रीय नाव इम्पेशन्स, म्हणजे अधीर, ते याच सवयीवरून. शेंगेवर छोटी कागदी पिशवी बांधून बी पकडा. त्याचे फारसे नखरे नाहीत. जूनमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, आठ-दहा दिवसांत वर येतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याने केली त्याने एकच फूल बघितलं असावं. झाड मात्र आठवडेच्या आठवडे फुलत राहतं.

*सोनकी.* पिवळं, डेझीसारखं फूल. बियांना पांढऱ्या केसांचा झुबका, तो वाऱ्यावर उडतो. झुबका पिसारला की बी तयार. वर टाकायचं, हलकेच दाबायचं, झाकायचं नाही.

*कवला.* पिवळं फूल, त्यावर दोन लाल ठिपके, म्हणून ट्रेकर लोक त्याला ‘मिकी माउस’ म्हणतात. त्याच्या एका भावंडाच्या कोवळ्या पाल्याची पावसाळ्यात भाजी होते. हा शेंगवर्गातला, म्हणजे वाल-मुगाच्या नात्यातला. या कुळातल्या कित्येक जंगली बियांचं कवच पाणी आत घेत नाही. बी पॉलिश पेपरवर दोन-तीनदा हलकं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा. जे फुगले ते जागे झाले.

सोनकी-कवल्याचं बी आणायचं कुठून? वनखात्याच्या हद्दीतून नाही, कासवरून तर नाहीच. तिथून परवानगीशिवाय फूल-बी काहीही उचलणं गुन्हा आहे. मावळात किंवा खेडमध्ये मित्राच्या शेताच्या बांधावर ही झाडं असतात. त्याच्या घरच्यांना विचारून, दहा झाडांतल्या एकाचं, तेही चिमूटभर बी घ्या. उरलेलं तिथेच गळू द्या.

आता खरा प्रयोग

सायन्सला असाल तर प्रोजेक्ट म्हणून करा, कॉमर्सला असाल तर मजा म्हणून. सोनकीचं किंवा कवल्याचं बी ऑक्टोबरात गोळा झालं की सावलीत आठवडाभर वाळवा. कागदी पाकिटात भरा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. आता त्याचे तीन वाटे करा. पहिल्या वाट्यातली पन्नास बियं नोव्हेंबरातच पेरा. दुसरी पन्नास फ्रिजमध्ये ठेवा. तिसरी पन्नास घराच्या माळ्यावर, पत्र्याखाली किंवा जिथे मे महिन्यात हात लावला तरी चटका बसतो अशा कोरड्या जागी ठेवा. दुसरा आणि तिसरा वाटा मृगात, म्हणजे ७-८ जूनच्या पुढे, एकाच दिवशी, एकाच मिश्रणात पेरा. रोज सकाळी मोजा आणि वहीत लिहा.

काय होईल ते मी सांगत बसत नाही. प्रत्येक जातीचं गणित वेगळं असतं, आणि आपल्या सड्यांवरच्या सगळ्याच झाडांच्या बियांचा असा हिशोब अजून कुणी नीट मांडलेला नाही. तुमच्या वहीतले आकडे म्हणजे टाइमपास नव्हेत. कॉलेजच्या बॉटनीच्या मॅडमना दाखवा. त्यांच्या ओळखीचं कुणीतरी आघारकरमध्ये किंवा कोरेगाव रोडच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात नक्की निघेल.

आणि काय करायचं नाही

सीतेची आसवं घरी आणायचा विचारही नको. ती कीटकभक्षी आहे. कातळावरच्या ओल्या मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ती सूक्ष्म पिशव्यांत जीव पकडून पोट भरते. कंपोस्ट घातलेल्या कुंडीत ती चार दिवसही टिकणार नाही. जमिनीवरच्या आमरींचं, म्हणजे ऑर्किडचं, बी तर अन्नसाठ्याशिवाय जन्मतं, त्याला उगवायला विशिष्ट बुरशीची सोबत लागते. कंदीलपुष्पाचा कंद डोंगरातून उपटून आणणं म्हणजे तर चोरीच. त्यातल्या काही जाती मोजक्या कड्यांवर उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या जपून वाढवल्या जातात. त्या तिथे बघायला जा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. पेटीत भरपूर बी तयार झालं की हात शिवशिवतात. चला, टेकडीवर फेकून येऊ, सीड बॉल करू, रील पण होईल. प्लीज, नको. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी केशरी-पिवळ्या कॉसमॉसचे ताटवे दिसतात ना, ज्यात उभं राहून सगळे फोटो काढतात? तो मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून निसटलेला पाहुणा. जिथे तो दाटीने माजतो तिथे खालचं गवत आणि छोटी रानफुलं गुदमरतात. टेकडीला बियांची कमतरता नाही. तिच्या कातळाच्या फटीत या क्षणी पुढच्या जूनचं सगळं सामान भरलेलं आहे. तिला फक्त कुणी खणू नये, पेटवू नये आणि वरून काही टाकू नये एवढंच हवंय. तुमच्या पेटीतलं जास्तीचं बी मित्रांना द्या, पाकिटावर नाव, जागा आणि तारीख लिहून.

तर या रविवारी फार काही करू नका. घोरावडेश्वरच्या पायऱ्या चढा किंवा भंडारा डोंगरावर जा. मोबाइलवर टॉर्च असते तशी मॅक्रो लेन्सही असते, तीही कधीतरी वापरा. गुडघ्यावर बसून एक वीतभर कातळ नीट बघा आणि तिथे किती प्रकारची झाडं आहेत ते मोजा. परत येताना फळवाल्याकडून थर्माकोलचं एक खोकं मागून घ्या. जूनला अजून आठ महिने आहेत, आणि बियांना तेवढा वेळ लागतोच.